बोल्ट गेला तरी चालेल, हेड वाचलं पाहिजे

गाडीचं काम घरच्या घरी करणाऱ्यांचा रविवार साधारण सारखाच सुरू होतो. नवा पार्ट कुरिअरने येऊन पडलेला असतो, व्हिडिओ दोनदा पाहून झालेला असतो आणि त्या व्हिडिओत सगळे बोल्ट दीड मिनिटात निघालेले असतात. आपल्याकडे एक सोडून सगळे निघतात. उरलेल्या त्या एका बोल्टबद्दल हा लेख आहे.

उदाहरण मारुती जिप्सीचं घेतो, कारण आपल्याकडे हौसेने सुधारली जाणारी ही गाडी आहे आणि सगळ्या जिप्सी आता जुन्या झाल्या आहेत. १९८५ साली आलेली ही गाडी २०१९ नंतर सामान्य ग्राहकाला नवी मिळेनाशी झाली. तिचं १.३ लिटरचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, त्याला चिकटलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बिडाचा आणि दोघांना धरून ठेवणारे स्टड-बोल्ट पोलादाचे. तीन धातू, रोजची तापातापी, वर चार महिने पाऊस. गाडी रत्नागिरी-मालवणकडची असेल तर खारा वाराही आलाच. तडकलेला मॅनिफोल्ड बदलायचा असो किंवा त्याजागी पाइपांचा हेडर बसवायचा असो, अडायचं ते इथेच. तुमची गाडी वेगळी असली तरी हिशेब हाच.

सुरुवातीलाच एक कायदेशीर गोष्ट उरकून घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकातल्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. आवाज आणि धूर यांचे नियम आणखी वेगळे. हेडर मागवण्याआधी हे पाहून घ्या.

आता मुद्दा. अडलेल्या बोल्टसमोर बसलात की आधी स्वतःला विचारा, मला वाचवायचं काय आहे? बोल्ट दहा-वीस रुपयांना मिळतो. ज्या भोकात तो बसलाय त्याचे आटे इंजिनच्या सिलिंडर हेडमध्ये आहेत आणि हेड खराब झालं तर खर्च हजारोंत जातो. त्यामुळे जो नट-बोल्ट कापून नवा टाकता येतो त्याच्याशी तासभर झटापट करण्यात अर्थ नाही. आणि जो हेडमध्ये रुतलाय त्याच्या बाबतीत घाई करण्यात अर्थ नाही. गंमत अशी की लोक नेमकं उलटं करतात. सायलेन्सरच्या फ्लँजचा कुजलेला नट सांभाळून सोडवत बसतात आणि हेडमधल्या बोल्टवर येईपर्यंत संयम संपलेला असतो, मग पान्याला पाइप लागतो.

त्या पाइपाचं गणित एकदा पाहा. मॅनिफोल्डला सहसा एम-८ म्हणजे आठ मिलिमीटरचा बोल्ट असतो. त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर तो चांगल्या पोलादाचा, पण नुसता पिळून तुटायला त्याला साधारण ३५ न्यूटन-मीटर पुरतात. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम बारा किलोचा जोर दिला की हा आकडा गाठला जातो. बारा किलो म्हणजे एका हाताचं काम. मीटरभराचा पाइप लावला तर साडेतीन-चार किलोतच खेळ खलास, आणि तो तुटताना हाताला कळतही नाही. एम-६ चा, म्हणजे दहाच्या पान्याचा बोल्ट तर याच्या निम्म्याहूनही कमी जोरात जातो. मॅनिफोल्डवरच्या पत्र्याच्या हीट शील्डचे बोल्ट सर्वात आधी तुटतात ते यामुळेच. लांब पाइप शोभतो तो चाकाच्या नटांना आणि क्रँक पुलीच्या बोल्टला. तिथे बोल्ट जाड असतो आणि तो मुळातच करकचून आवळलेला असतो.

बोल्ट अडलाय कशाने, हे हत्यार हातात घेण्याआधी डोळ्यांनी बघा. लाल-तपकिरी पूड दिसली तर लोखंडावरचा गंज. लोखंड गंजलं की मूळ जागेच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतं, म्हणजे आट्यांमध्ये आतून पाचर बसते. पांढरी, खडूसारखी पूड दिसली तर मामला अ‍ॅल्युमिनियमचा. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकून ओल्या-खाऱ्या हवेत राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याचा क्षार आट्यांत घट्ट बसतो. या क्षारावर स्प्रेचा फारसा प्रभाव पडत नाही, तिथे उष्णता कामाला येते. आट्यांवर निळा किंवा लाल डिंकासारखा थर असेल तर कंपनीने थ्रेडलॉक लावलेलं आहे. त्यातल्या लाल जातीला अडीचशे अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय ती सोडत नाही. यातलं काहीच दिसत नसेल तर बोल्ट मुळातच तेवढा आवळलेला असू शकतो, किंवा तुम्ही चुकीच्या दिशेला फिरवताय. शेवटची शक्यता हसण्यावारी नेऊ नका. जुन्या विलिस जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे होते आणि आजही काही पंख्यांचे नट तसे असतात. शिवाय गाडीखाली आडवं पडून, डोक्यावरचा नट उलट्या बाजूने बघताना भल्याभल्यांचं डावं-उजवं चुकतं.

हत्यारांत कंजुषी नको. जपानी वळणाच्या गाड्यांना, म्हणजे मारुतीला, एम-८ बोल्टचं डोकं बारा नंबरचं असतं. युरोपीय वळणाच्या गाड्यांना बहुधा तेरा. बारावर तेराचा पाना ‘बसतो’ आणि पहिल्याच झटक्यात कोपरे गोल करतो. गोटी घ्यायची ती सहा कोनांची. बारा कोनांची गोटी पटकन बसते खरी, पण पकडते फक्त कोपऱ्यांना. सहा कोनांची बाजूंवर दाब देते. फिक्स पाना अडलेल्या बोल्टजवळ आणूच नका. नाशिकच्या टपारियाचे पाने या कामाला उत्तम चालतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत हवी ती गोटी सुटी मिळते. अख्खा सेट घेण्यापेक्षा ८, १०, १२, १४, १७ या पाच चांगल्या गोट्या घ्या. गोटी चढवण्याआधी बोल्टच्या डोक्यावरचं किटण तारेच्या ब्रशने काढा आणि गोटी हातोडीने हलकी ठोकून पूर्ण खाली बसवा. अर्धवट बसलेल्या गोटीने जितके बोल्ट गोल होतात तितके गंजाने होत नाहीत, असं माझं मत आहे.

काम खरं तर आदल्या संध्याकाळी सुरू होतं. इंजिन कोमट असताना ब्रश मारून पेनेट्रेटिंग ऑइल सोडा आणि पाना न लावता घरी जा. रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा, सकाळी पुन्हा एकदा. घरोघरी असतो तो निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनला, नावातला ‘डब्ल्यूडी’ त्याचाच. वेळ दिला तर तोही काम करतो, पण खास पेनेट्रेटिंग ऑइल म्हणून विकले जाणारे स्प्रे जास्त आत शिरतात. काही गॅरेजवाले ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. चांगलं चालतं, पण अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखंच भडकतं आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतं. रॉकेल-डिझेल काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच.

तेलाच्या दोन फेऱ्यांमध्ये बोल्टच्या डोक्यावर सरळ, अक्षाच्या रेषेत, पितळी पंचने चार-सहा ठोके द्या. घण घालायचा नाही, खिळा ठोकतो तितका जोर बास. याला कारण आहे. आवळलेला बोल्ट सोडवताना लागणाऱ्या जोरातला जवळजवळ निम्मा वाटा डोक्याखालच्या बैठकीतल्या घर्षणात जातो, बाकीचा बहुतांश आट्यांमधल्या. ठोक्याने बैठक मोकळी होते आणि आट्यांतल्या गंजाला बारीक तडे जाऊन तेलाला वाट मिळते. ठोका मात्र बोल्टवर पडला पाहिजे, हेडच्या कडेवर नाही. अ‍ॅल्युमिनियम आहे ते.

मग पाना. पहिली हालचाल आवळायच्या दिशेने, अगदी किंचित, केसभर. गंजाची पकड कोणत्याही दिशेने सुटली तरी सुटलीच. त्यानंतर सैल करायच्या दिशेने हळूहळू वाढता दाब. इथे हाताकडे आणि कानाकडे लक्ष हवं. चांगला बोल्ट सुटताना ‘टक्’ किंवा ‘कर्र’ असा कोरडा आवाज देतो आणि जोर एकदम कमी होतो. वाईट बोल्ट आवाजच देत नाही. पाना मऊ, रबरासारखा फिरतो, जोर कमी होत नाही आणि सोडला की किंचित मागे येतो. म्हणजे डोकं फिरतंय, आटे जागेवर आहेत, मधला दांडा पिळला जातोय. त्याच क्षणी थांबा. आणखी पाव फेरा आणि डोकं हातात.

बोल्ट थोडा फिरला तरी लगेच सरळ काढू नका. पाव फेरा मागे, त्याच्या निम्मा पुढे आवळत, तेल, पुन्हा थोडा मागे. कोरडा करकर आवाज आला की तेल. गंजाची पूड आट्यांत पुढे ढकलली जाऊन पुन्हा पाचर बसते, ती या मागे-पुढे करण्याने बाहेर येते. एका बोल्टला वीस मिनिटं गेली तर जाऊ द्या. आणि मॅनिफोल्डचे सगळे बोल्ट आधी फक्त पाव-पाव फेरा सैल करा, टोकांकडून मधे येत. एकेक पूर्ण काढत गेलात तर शेवटच्या दोघांवर सगळा ताण येतो, आणि अडतात ते बहुतेक तेच.

एवढ्या वेळात पार्किंगमध्ये सल्लागार जमलेले असतात. बॉनेट उघडं दिसलं की माणसं येतातच. त्यातला एक हमखास म्हणेल, ‘‘काका, एक घाव घाला, निघेल.’’ त्याला चहा आणायला पाठवा.

तेल आणि पाना हरले की उष्णता. पोलाद तापल्यावर जितकं फुगतं त्याच्या जवळजवळ दुप्पट अ‍ॅल्युमिनियम फुगतं. आठ मिलिमीटरच्या भोकाभोवतीचं हेड शंभर अंशांनी तापवलं तर भोक आणि बोल्ट यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण क्षाराची पकड सुटायला तेवढा पुरतो. म्हणून बोल्ट हेडमध्ये असेल तर ज्योत त्याच्याभोवतीच्या धातूवर, सतत फिरती ठेवायची. स्टडवरचा नट असेल तर नट तापवायचा. नुसता बोल्टच तापवून तो थंड होऊ देणं हाही मार्ग आहे: तो फुगून गंज चिरडतो आणि आकसताना जागा सोडतो. तापलेल्या बोल्टच्या मुळाशी साधी मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. जुने मिस्त्री हे आवर्जून करतात आणि करण्यासारखं आहे.

घरी छोट्या गॅस कॅनवरचा टॉर्च बास. ऑक्सि-अ‍ॅसिटिलीनची ज्योत हेडपासून दूर ठेवा. लोखंड लाल होऊन सांगतं, अ‍ॅल्युमिनियम काहीच सांगत नाही. ते दिसायला जसंच्या तसं असतं आणि सहाशे-साडेसहाशे अंशांच्या सुमारास अचानक गळून पडतं.

आता जे सांगतोय ते वगळून पुढे जाऊ नका. आदल्या रात्रीपासून मारलेला स्प्रे ज्वलनशील आहे, तो आधी कापडाने पुसा आणि वाळू द्या. ब्रेक क्लीनरने धुऊन मग ज्योत लावणं तर अजिबात नको. त्याच्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असतो आणि तो तापला की फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवा. गाडीला सीएनजी किट असेल तर ज्योत हा पर्याय तुमच्यासाठी नाही, गाडी गॅरेजला न्या. चष्मा घाला. आणि खाली शिरायचं असेल तर गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन हल्ली बऱ्याच जणांकडे असते. हेडमधल्या एम-८ वर ती सर्वात कमी वेगावर, छोट्या झटक्यांत, मागे-पुढे अशी वापरली तर पान्यापेक्षा बरी, कारण सलग पिळण्याऐवजी ती ठोके देते. पूर्ण जोरावर धरून ठेवली तर तीही डोकं उडवते. गोटी काळी, जाड, इम्पॅक्टचीच हवी. चकचकीत क्रोमची फुटून उडते.

ऑक्सिजन सेन्सरही काढायचा असेल तर त्याला बाजूला चीर असलेली २२ ची गोटी मिळते, वायर त्या चिरेतून बाहेर काढायची. तो इंजिन गरम असताना सुटतो, गार असताना भांडतो. जाड हातमोजे घाला.

डोकं गोल झालंच तर? आधी एक नंबर लहान, म्हणजे अकराची गोटी ठोकून बसवा. आतून पीळ असलेल्या एक्स्ट्रॅक्टर गोट्या मिळतात, त्या गोल झालेल्या डोक्यात रुततात. व्हाइस ग्रिप चांगल्या प्रतीचा असेल तरच लावा, नाहीतर उरलेला धातूही तासून निघेल. आणि सायलेन्सर पाइपाकडच्या फ्लँजचे नट असतील तर यातलं काहीही करू नका. नट स्प्लिटरने फोडा किंवा ग्राइंडरने कापा आणि नवे टाका. ते वाचवायचे नव्हतेच.

डोकंच तुटलं तर लगेच ड्रिल काढायची गरज नाही. बाकीचे बोल्ट काढून मॅनिफोल्ड बाजूला घ्या. बोल्टवरचा ताण आता गेलेला असतो आणि बाहेर उरलेला बोटभर तुकडा कित्येकदा तेल-उष्णता-व्हाइस ग्रिपने मुकाट फिरतो. नाही फिरला, किंवा तुकडा हेडच्या पातळीतच तुटला, तर माझ्या मते पहिला फोन वेल्डरला. तुटलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड केला की नवं डोकंही मिळतं आणि आतपर्यंत जाणारी उष्णताही. वेल्डचं पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांना सहसा धरत नाही, त्यामुळे हात बसलेला माणूस हे खोल तुकड्यावरही करतो. इंजेक्शनची गाडी असेल तर वेल्डिंगआधी बॅटरी पूर्ण तोडा आणि ईसीएमचा कनेक्टर काढा. अर्थची क्लॅम्प हेडलाच, कामाच्या जवळ लावायला सांगा.

ड्रिल हा त्यानंतरचा मार्ग. एक्झॉस्टची तोंडं कापडाने बंद करा. तुटलेलं टोक कानसून सपाट करा, बरोबर मध्यावर पंच मारा. इथे अर्धा मिलिमीटर चुकलात तर पोलाद कठीण आणि बाजूचं अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने बिट घसरून हेड खाईल. तीनने सुरुवात, मग पाच, मग साडेसहा. उलट्या पिळाचे ड्रिल बिट मिळाले तर तेच घ्या, कारण भोक पाडता पाडताच तुकडा सुटून बाहेर येतो. पाडलेल्या भोकात रुतवून तुकडा फिरवायच्या इझी-आउटबद्दल माझं मत वाईट आहे. तो फार कठीण पोलादाचा असतो, आत तुटला की साधा बिट त्याला खरवडतसुद्धा नाही, मग स्पार्क इरोजनवाल्या टूलरूमची वारी. जो बोल्ट पूर्ण जाडीचा असताना फिरला नाही, तो पोकळ केल्यावर एका बारीक दांड्याने फिरेल ही आशा मला पटत नाही. तुकड्याच्या भिंती पातळ झाल्या की टोकदार छन्नीने आत मुडपून काढता येतात. आटे सरकले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वळ्यांचे नवे आटे, बसवा. अ‍ॅल्युमिनियममध्ये तो मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरतो, फक्त भोक सरळ हवं, नाहीतर लेथवाल्याकडे द्या. काही इंजिनांत स्टडची भोकं पाण्याच्या वाटेत उघडतात, म्हणून जुन्या बोल्टच्या लांबीपेक्षा खोल जाऊ नका.

बसवताना स्टड-नट सगळे नवे. तुटला नाही म्हणून जुना परत लावू नका, तो पिळला गेलेला आहे. आट्यांतून टॅप हाताने फिरवा, आरपार नसलेलं भोक हवेने फुंकून कोरडं करा. त्यात साचलेलं तेल बोल्ट आवळताना बाहेर पडू शकत नाही आणि हेडला तडा देऊ शकतं. बोल्टला तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस बारीक बोट लावा आणि टॉर्क रेंच मॅन्युअलमधल्या आकड्याच्या थोडा खाली ठेवा, कारण तो आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो आणि ग्रीस लावलं की त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. गॅस्केट नवीच. आवळायचं मधून टोकांकडे, दोन फेऱ्यांत.

पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर जळक्या तेलाचा धूर येईल, पाच-दहा मिनिटांत तो थांबतो. गार इंजिनावर ‘फट्-फट्’ असा बारीक आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर जात असेल तर गॅस्केटमधून गळतंय. शंभर-दोनशे किलोमीटर चालवून, रात्रभर थंड होऊ देऊन, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासा.